आधी लाल, मग काळी!

"गाडी येते का चालवायला?" असं कुणी विचारलं, की मी आजवर मोठ्या ठसक्यात "हो" म्हणत असे. कराडच्या मंडईतल्या गर्दीतून गाडी काढायची, शाळेसमोर दोन रिक्षांच्या मध्ये ती बसवायची, लेकीला क्लासला सोडून परत आणायचं, हे सगळं गेली सहा वर्षं चाललं आहे. पण या सहा वर्षांत गाडीचं बोनेट मी एकदाही स्वतःच्या हातानं उघडलं नव्हतं. ते काम ह्यांचं, नाहीतर गॅरेजवाल्याचं! स्वयंपाकघरातली गॅसची नळी कधी बदलली ते मला तोंडपाठ; बॅटरी किती वर्षांची झाली ते मात्र ठाऊक नाही.

गेल्या वर्षी राखी पौर्णिमेला या अज्ञानाची चांगलीच किंमत मोजली. काय झालं ते सांगते, म्हणजे तुमच्यावर तशी वेळ येणार नाही. आणि आलीच, तर काय करायचं ते आधीच ठाऊक असेल.

माझं माहेर चिपळूणचं. ह्यांना रजा नव्हती, म्हणून सासूबाई, सात वर्षांची लेक आणि मी अशा तिघीच निघालो. सासूबाईंची धाकटी बहीणही चिपळुणातच असते, त्यामुळे त्याही खुशीत होत्या. पाटण गेलं, कोयनानगर गेलं, आणि कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर धुक्यानं गाठलं. दहा पावलांपलीकडचं दिसेना. "धुकं विरळ होऊ दे गं, घाई कशाला?" सासूबाई म्हणाल्या. शहाणपणाचाच सल्ला होता. रस्त्याकडेला कणसं भाजणाऱ्याच्या टपरीशेजारी गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि कणसं घेतली.

शहाणपण इथं संपलं. मागच्यांना गाडी दिसावी म्हणून मी पुढचे मोठे दिवे चालूच ठेवले, चारही इंडिकेटर लावले. काचांवर वाफ धरते म्हणून पंखा चालू. लेकीला गाणी हवी, तीही चालू. चाळीस मिनिटांनी धुकं निवळलं. मी किल्ली फिरवली, तर "टक... टक... टक..." आणि पुढे काही नाही. दिवे मिणमिणले, गाणं थांबलं. बॅटरी उतरली होती.

मदतीला माणसं जमली

आपल्याकडे रस्त्यावर गाडी बंद पडली आणि माणसं जमली नाहीत, असं होत नाही. याबद्दल मी कृतज्ञच आहे. टपरीवाला आला, मागं थांबलेल्या जीपचा चालक आला, त्याच्याबरोबरची दोन मुलं आली, एक ट्रकवालाही उतरून आला. प्रत्येकानं बोनेटमध्ये डोकं घातलं. मी ओढणी सावरून बाजूला उभी. जी गाडी मी रोज चालवते, तिच्याबद्दल मला कुणी काही विचारलं नाही आणि मीही काही बोलले नाही.

ट्रकवाल्यानं आपल्या बॅटरीवरून करंट द्यायची तयारी दाखवली. वायर आणलीसुद्धा, पण ती तोकडी पडली. आम्ही थोडक्यात वाचलो, हे मला नंतर कळलं. ते पुढे सांगतेच. मग जीपवाला म्हणाला, "टोचन करू या ताई. सगळा उतारच आहे. खाली पोफळीपर्यंत सोडतो तुम्हाला." ताडपत्री बांधायचा नायलॉनचा दोर निघाला. त्याचं एक टोक जीपच्या मागं बांधलं, दुसरं माझ्या गाडीच्या पुढच्या बाजूला खाली कुठल्याशा दांडीला. मला मनात वाटत होतं, की हे काही खरं नाही. दोर दोन्हीकडून ताणलेला असेल तरच उपयोगाचा. उतारावर तो ताणलेला राहणार कसा? पण इतकी माणसं धडपडताहेत, त्यांना "थांबा" कसं म्हणायचं? सासूबाई आणि लेक मागं बसल्या, मी स्टिअरिंगवर बसले.

दोन वळणं निभावली. तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी खालून एस.टी. आली आणि जीप थबकली. दोर सैल पडला. माझी गाडी उतारानं तिच्यावर निघाली. मी ब्रेक दाबला. आधीच्या दोन वळणांवर तो दाबून झालाच होता. आता पाय ठेवला तर खाली दगड असावा तसा पॅडल घट्ट! मी ओरडले, दोन्ही पाय ब्रेकवर रोवले आणि डाव्या हातानं हँडब्रेक ओढला. गाडी जीपच्या मागच्या बाजूवर आदळली आणि थांबली. पुढचा एक दिवा फुटला, पत्रा चेपला. मागं वळून बघते तो सासूबाईंनी लेकीला छातीशी गच्च धरलेलं, आणि त्यांच्या ओठांतून शब्द फुटेना.

कुणालाही खरचटलंसुद्धा नाही. पण त्या वळणाला कठडा किती उंच होता ते मी बघितलं होतं. अजूनही कधी रात्री जाग आली की तो कठडा डोळ्यांसमोर येतो.

एस.टी.तले काका

गाडी सगळ्यांनी ढकलून वळणापुढच्या रुंद जागेत घेतली. एवढ्यात मागून एक लहानशी गाडी आली. तिच्यातून साठी उलटलेले एक गृहस्थ उतरले. एस.टी.च्या कार्यशाळेत मेकॅनिक म्हणून त्यांची नोकरी झाली होती. त्यांनी बोनेटकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी आपल्या डिकीतला लाल त्रिकोण काढून एका मुलाच्या हाती दिला. "वळणाच्या अलीकडे नेऊन ठेव. वरून येणाऱ्याला वळायच्या आधी दिसला पाहिजे." मग सासूबाईंना आणि लेकीला गाडीतून उतरवून रस्त्यापासून दूर, डोंगराच्या अंगाला उभं केलं. आणि मग विचारलं, "गाडी कोण चालवतं?"

"मी."

"मग तूच लाव केबल. मी सांगतो."

मी आयुष्यात पहिल्यांदा बोनेट उघडलं. काकांनी डिकीतून लाल आणि काळी अशी जाड केबलची जोडी काढली. "बांगड्या काढ आधी," म्हणाले. सोन्याच्या दोन बांगड्या आणि अंगठी मी सासूबाईंच्या हाती दिली, मंगळसूत्र कुर्त्याच्या आत टाकलं, ओढणी काढून गाडीत ठेवली. ते एकेक सांगत गेले, मी एकेक करत गेले. दहा मिनिटांत गाडी चालू झाली!

शेवटचा चिमटा इंजिनच्या लोखंडाला लावताना एक बारीकशी ठिणगी उडाली. मी दचकले. काका हसले. "म्हणून तर तो बॅटरीवर लावायचा नसतो पोरी. बॅटरी श्वास सोडत असते."

बॅटरीचा श्वास

मी बी.ए. झालेली, शाळेत अर्धवेळ मराठी आणि इतिहास शिकवणारी. बॅटरीचा श्वास म्हणजे काय, ते मला आमच्या विज्ञानाच्या बाईंनी मधल्या सुट्टीत फळ्यावर काढून समजावलं.

आपल्या साध्या मोटारीतली बॅटरी म्हणजे विरळ गंधकाम्लात बुडवलेले शिशाचे पत्रे. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानं ती १८५९ साली बनवली. आजही बहुतेक गाड्यांत तीच आहे. तिच्या पोटात सहा घरं असतात, प्रत्येकाचे जेमतेम दोन व्होल्ट, म्हणून सगळी मिळून बारा व्होल्टची बॅटरी. ती चार्ज होताना आतल्या पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन वायू सुटतो. हवेत शंभर भागांत चार भाग हायड्रोजन असला तरी ठिणगीनं तो पेट घेऊ शकतो. तसं झालं तर बॅटरी फुटते आणि आतलं आम्ल तोंडावर उडतं. शेवटची जोडणी करताना ठिणगी उडण्याचा संभव असतोच. म्हणून ती बॅटरीपासून दूर उडू द्यायची, एवढंच त्यातलं मर्म.

आणि बांगड्या कशाला काढायच्या? बॅटरीच्या अधिक टोकाला आणि गाडीच्या पत्र्याला धातूची वस्तू एकाच वेळी टेकली, तर तिच्यातून एकदम प्रचंड करंट जातो. बांगडी, अंगठी लाल होईपर्यंत तापते आणि हातात असली तर कातडं जळतं.

ट्रकचा प्रश्न राहिलाच. आपली मोटार बारा व्होल्टची. ट्रक आणि बस बहुधा चोवीस व्होल्टच्या असतात, बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. ते चोवीस व्होल्ट आपल्या गाडीत शिरले, तर आजकालच्या गाड्यांतले नाजूक इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात, बॅटरी फुटूही शकते. ट्रकवाला मनानं चांगलाच होता. पण चांगुलपणाला व्होल्ट कळत नाहीत!

केबल लावायचा क्रम

हा भाग कापून गाडीत ठेवा. मी तसाच ठेवला आहे. मात्र गाडीबरोबर आलेली पुस्तिका आधी उघडून बघा. काही गाड्यांत बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असते आणि केबल लावायची जागा वेगळी दाखवलेली असते. गाडी हायब्रिड किंवा विजेवरची असेल, तर पुस्तिकेत लिहिलंय त्यापलीकडे जाऊच नये, आणि तिच्यावरून दुसऱ्याच्या गाडीला करंट द्यायलाही जाऊ नये.

आधी बॅटरी नीट बघा. ती फुगलेली, तडकलेली, गळत असलेली दिसली किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला, तर केबल लावूच नका. मेकॅनिकला बोलवा. जवळपास कुणी विडी-सिगारेट ओढत असेल, तर स्पष्टपणे दूर जायला सांगा.

दोन्ही गाड्या केबल पुरेल इतक्या जवळ आणा, पण एकमेकींना टेकता कामा नयेत. दोन्हींचं इंजिन बंद, दिवे, पंखा, एसी, गाणी बंद, गिअर न्यूट्रलवर, हँडब्रेक ओढलेला. गाडी ऑटोमॅटिक असेल तर 'पी'वर.

१. लाल केबलचा एक चिमटा आपल्या, म्हणजे उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला. तिथं अधिकची खूण असते, बहुधा लाल टोपीही असते.

२. लाल केबलचा दुसरा चिमटा मदतीच्या गाडीतल्या बॅटरीच्या अधिक टोकाला.

३. काळ्या केबलचा एक चिमटा मदतीच्या बॅटरीच्या उणे टोकाला.

४. काळ्या केबलचा दुसरा चिमटा आपल्या गाडीच्या इंजिनवरच्या रंग नसलेल्या, भक्कम लोखंडी भागाला. बॅटरीपासून लांब, आणि पट्टा किंवा पंखा फिरतो तिथं तर मुळीच नाही.

या कामात लाल आणि काळ्या केबलचे चिमटे एकमेकांना टेकू देऊ नका. अधिक-उणेची खूण धुळीनं दिसत नसेल, तर फडक्यानं पुसून बघा. अंदाजानं लावू नका. उलटं लागलं तर क्षणात नुकसान होतं.

आता मदतीची गाडी चालू करायची आणि पाचेक मिनिटं तशीच चालू ठेवायची. मग आपली किल्ली फिरवायची. एका वेळी पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारायचा नाही. नाही लागली तर दोन मिनिटं थांबून पुन्हा. तीन-चार वेळा करूनही दाद दिली नाही, तर दुखणं बॅटरीपलीकडचं आहे असं समजून थांबावं.

गाडी चालू झाली, की बरोबर उलट्या क्रमानं सोडवायचं. आधी आपल्या इंजिनवरचा काळा, मग त्यांच्या बॅटरीवरचा काळा, मग त्यांचा लाल, शेवटी आपला लाल. या वेळी इंजिनं चालू असतात, तेव्हा ओढणी, पदर आणि वेणी यांना जपा. पुढचा पंखा आपोआपही सुरू होतो.

आणि लगेच गाडी बंद करू नका! निदान अर्धा-पाऊण तास चालवा. मग त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बॅटरी तपासून घ्या. मी नुसती जागेवर चालू ठेवून समाधान मानलं असतं, तर भावाच्या दारात पुन्हा तोच तमाशा झाला असता.

कधी आम्ल अंगावर उडालंच, तर लगेच भरपूर साध्या पाण्यानं धुवत राहायचं. डोळ्यांत गेलं तर निदान पंधरा-वीस मिनिटं डोळे पाण्यानं धुवून तडक डॉक्टरकडे.

दोर लावून ओढायची वेळ आली तर

आता माझ्या फजितीचं कारण. ब्रेक 'गेला' नव्हता. इंजिन चालू असताना त्याच्यामुळं तयार होणारी हवेची पोकळी ब्रेकला जोर पुरवते. आपला पाय नुसतं सांगतो, खरा दाब तिकडून येतो. इंजिन बंद असलं की जुन्या साठ्यावर एक-दोनदा ब्रेक लागतो, मग सगळा भार आपल्या पायावर. ब्रेक लागतो, पण अंगातली सगळी ताकद लावावी लागते. स्टिअरिंगचंही तसंच, एकदम जड होतं. हे मला आधी ठाऊक असतं, तर मी त्या घाटात दोरानं गाडी ओढू दिलीच नसती.

म्हणून पहिला नियम: घाटात, उतारावर, भर पावसात किंवा हमरस्त्यावर दोरानं ओढायचं नाही. क्रेन किंवा गाडी पाठीवर घेणारा सपाट ट्रक बोलवायचा. आपल्या विम्यात रस्त्यावरच्या मदतीची सोय आहे का, हे आजच कागद काढून बघा आणि तो नंबर एका चिठ्ठीवर लिहून गाडीत चिकटवा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा मदतीचा नंबर आहे, आणि कुठल्याही संकटात ११२.

सपाट रस्त्यावर, जवळच्या गॅरेजपर्यंत न्यायचीच असेल, तर एवढं पाळा.

दोर बंपरला किंवा खालच्या कुठल्याही दांडीला बांधू नका. बहुतेक गाड्यांच्या हत्यारांत एक लोखंडी कडी असते. बंपरवरचं छोटं झाकण काढलं, की तिचे आटे बसायची जागा दिसते. ती पूर्ण आत जाईपर्यंत घट्ट आवळा. ताडपत्रीचा दोर नको, ओढण्यासाठी मिळणारा रुंद पट्टा घ्या आणि त्याच्या मध्यावर लाल फडकं बांधा. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत दोन गाड्यांतलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको आणि वेग ताशी चोवीस किलोमीटरच्या वर नको, असं घातलेलं होतं. ओढलेल्या गाडीत परवाना असलेलाच माणूस हवा, असंही होतं. २०१७ साली त्यांच्या जागी नवे नियम आले, तरी एवढी शिस्त आपण स्वतःला लावून घेतलेली बरी.

मागच्या गाडीची किल्ली काढू नका, 'ऑन'वर ठेवा. काढली तर पहिल्याच वळणावर स्टिअरिंग जखडून बसेल. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. बॅटरीत जीव असेल तर चारही इंडिकेटर लावा. पुढच्यानं पहिल्या गिअरमध्ये हळूच दोर ताणून घ्यायचा, हिसका द्यायचा नाही. दोर ताणलेला ठेवणं हे मागच्याचं काम. त्यासाठी तो ब्रेक हलकेच लावत राहतो. एक हॉर्न म्हणजे हळू, दोन म्हणजे थांबा, असं आधीच ठरवा. बॅटरीच नसेल तर हॉर्नही वाजणार नाही, तेव्हा फोन चालू ठेवून कुणीतरी शेजारी बसावं. बघ्यांना दोरापासून लांब करा. ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा उसळतो. दोन गाड्यांच्या मध्ये तर कुणीही उभं राहायचं नाही.

ऑटोमॅटिक, चारही चाकांना जोर असणारी किंवा विजेवरची गाडी दोरानं ओढूच नका. ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समध्ये इंजिन चालू असलं तरच तेल फिरतं. चाकं नुसती फिरत राहिली तर आतले भाग कोरडे घासून निकामी होतात. आणि सर्वांत महत्त्वाचं: ओढल्या जाणाऱ्या गाडीत चालक आणि खुणा करणारा सोबती, यांखेरीज कुणीही नको. लहान मुलं आणि वडीलधारी माणसं दुसऱ्या गाडीनं. हे मी किती कळवळून लिहिते आहे, ते तुम्हाला कळलंच असेल.

"धक्का का नाही मारला?" असं मला अनेकांनी विचारलं. गिअरची गाडी असेल, रस्ता सपाट आणि मोकळा असेल, बॅटरीत थोडा जीव असेल, तर दुसऱ्या गिअरमध्ये धक्का स्टार्ट होते. पण उतारावर इंजिन बंद असलेली गाडी सोडणं म्हणजे माझीच चूक पुन्हा करणं. ऑटोमॅटिक गाडी धक्क्यानं चालू होत नाही.

दुखण्याआधीचा उपाय

बॅटरी एकाएकी मरत नाही, आधी कुरकुरते. सकाळी सेल्फ मारताना आवाज लांबलचक आणि दमलेला येतो, जागेवर उभं असताना दिवे फिके पडतात. साधारण तीन ते पाच वर्षं हे तिचं आयुष्य. आमची पाचव्या वर्षात होती आणि मी तिच्याकडून चाळीस मिनिटं दोन मोठे दिवे, पंखा आणि गाणी करून घेतली. नुसते दोन दिवेच नऊएक अँपिअर खातात! इंजिन बंद असताना थांबायचं तर फक्त पार्किंगचे दिवे किंवा चार इंडिकेटर पुरेत, आणि मधून मधून इंजिन चालू करावं.

गॅरेजमध्ये गेलात की मीटर लावून बघायला सांगा. गाडी रात्रभर उभी असल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, बाराच्या खाली म्हणजे उतरलेली. गाडी चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले, तर चार्जिंग ठीक चाललं आहे.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसते ना? ती पुसायचं औषध आपल्या फडताळातच आहे. गाडी बंद करून, हातमोजे घालून, आधी काळी आणि मग लाल वायर सोडवायची. कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा विरघळवून जुन्या टूथब्रशनं टोकं घासायची. ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ द्यायचं नाही. साध्या ओल्या फडक्यानं पुसून, कोरडं करून, आधी लाल आणि मग काळी वायर परत घट्ट लावायची. वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवायचा. पाणी घालायची सोय असलेली बॅटरी असेल तर त्यात डिस्टिल्ड वॉटरच, नळाचं पाणी नाही. वायरी सोडवल्यावर काही गाड्यांत घड्याळ, रेडिओ पुन्हा लावावे लागतात, एवढंच.

डिकीतली पिशवी

राखी त्या दिवशी रात्री साडेनऊला बांधली. भाऊ दारातच उभा होता. सासूबाईंनी आत पाऊल टाकल्याबरोबर पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, "आमच्या सुनेनं स्वतः गाडी चालू केली हो!" जीपला धडकल्याचं त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

कराडला परतल्यावर मी पहिल्यांदा बॅटरी बदलली, मग जाड तांब्याची केबल घेतली. स्वस्तातली बारीक वायर घेऊ नका. सेल्फ मारताना शंभर-दोनशे अँपिअर करंट ओढला जातो, बारीक वायर तापून वितळते. सासूबाईंनी जुन्या सतरंजीची पिशवी शिवून दिली आणि केबलच्या चारही चिमट्यांजवळ कापडी पट्ट्या शिवून त्यांवर लाल-काळ्या दोऱ्यानं १, २, ३, ४ असे आकडे भरले. त्या पिशवीत केबल, ओढायचा पट्टा, टॉर्च, हातमोजे, एक फडकं, पाण्याची बाटली आणि ही चिठ्ठी असते. लाल त्रिकोण शेजारीच. आता खिशात मावणारे, गाडी चालू करून देणारे छोटे बॅटरी-संचही मिळतात. ज्या बायका एकट्या लांबचा प्रवास करतात त्यांनी तो जरूर घ्यावा. मात्र तो चार्ज केलेला हवा आणि उन्हात तापणाऱ्या गाडीत टाकून ठेवायचा नाही.

गेल्या महिन्यात आमच्या भिशीच्या दिवशी आम्ही सात जणींनी इमारतीच्या आवारात दोन गाड्या समोरासमोर लावून हा क्रम करून बघितला. एकीनं तिसऱ्या पायरीला काळा चिमटा लालच्या जागी नेला, तेव्हा खुर्चीवर बसलेल्या सासूबाईच ओरडल्या, "थांब!"

त्या दिवशी घाटात हा एवढासा शब्द माझ्या तोंडून निघाला नव्हता. मदतीला आलेली माणसं वाईट नव्हती, त्यांना दुखवायचं नव्हतं, आणि मला नक्की काही माहीत नव्हतं. आता माहीत आहे. यापुढे कुणी केबल घेऊन आला, तर मी आधी विचारीन, "तुमची गाडी किती व्होल्टची?" आणि कुणी दोर काढला, तर मुलीला आधी खाली उतरवीन.

आज संध्याकाळी गाडी घरी आली की एवढंच करा. बोनेट उघडा, अधिकची खूण कुठे आहे ते बोट ठेवून बघा, आणि ओढायची कडी कुठे ठेवली आहे ते शोधून काढा. पाच मिनिटं लागतील.